मांज्याने जखमी झालेल्या पारव्याची घरी काळजी: पहिला दिवस आणि पुढचे आठवडे

नागपूरच्या नंदनवन भागातील एका ताईंचा प्रश्न असा आहे: करीच्या दिवशी सकाळी त्यांच्या छतावर पाण्याच्या टाकीमागे एक कबूतर बसलेले आढळले. उजव्या पंखात नायलॉन मांजा अडकला होता, पंख लोंबत होता आणि पिसांवर रक्त वाळले होते. दिसला तेवढा मांजा त्यांनी ओढून काढला, जखमेवर तेलात कालवलेली हळद लावली, ड्रॉपरने दूध पाजले आणि दुधात भिजवलेला पाव समोर ठेवला. कबूतर काहीच खात नाही, डोळे मिटून बसते आणि त्याची विष्ठा हिरवी, पातळ झाली आहे. घरी दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. त्याला घरी ठेवावे का, ठेवल्यास काय करावे आणि सोडावे केव्हा, हे त्यांना विचारायचे आहे.

ताई, आज त्याला काहीही भरवू नका. दूध आणि पाव उचलून ठेवा, पक्ष्याला उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवा आणि पंख आजच पशुवैद्यांना दाखवा. जखमी पक्षी उपाशी राहिल्यामुळे पहिल्या दिवशी मरत नाही. तो मरतो रक्तस्रावाने, गारठ्याने, पाणी कमी पडल्याने आणि भीतीने, आणि यातली भीती बहुतेक वेळा आपल्या काळजीपोटी केलेल्या सततच्या हाताळणीतून येते. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न. गारठलेल्या पक्ष्याचे पचन जवळजवळ थांबलेले असते, त्यामुळे अशा वेळी पोटात गेलेले अन्न गळ्याच्या पिशवीत पडून आंबते आणि जखमेने न गेलेला पक्षी त्याने जातो.

दुधाविषयी थोडे स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घरात पहिला हात दुधाकडेच जातो. गाई-म्हशीच्या दुधातील साखर पचवण्याची सोय पक्ष्यांच्या शरीरात नसते, त्यामुळे दुधाने हगवण लागते आणि आधीच कमी असलेले पाणी आणखी कमी होते. त्याहून मोठा धोका ड्रॉपरचा आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच, अगदी उघड्यावर असते. चोच उघडून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. तुमचा पक्षी श्वास घेताना घरघर किंवा टकटक असा आवाज करत असेल, किंवा चोच उघडी ठेवून शेपटी खालीवर करत श्वास घेत असेल, तर दूध श्वासमार्गात गेल्याची शक्यता पशुवैद्यांना आवर्जून सांगा.

आता जागा. पक्ष्याला उभे राहून वळता येईल एवढा पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूंना वरच्या अंगाला पेन्सिलच्या जाडीची भोके पाडा आणि तळाशी जुना टॉवेल अंथरा. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको. त्यावर पाय घसरतात आणि अशक्त पक्ष्याचे पाय फाकतात. तारेचा पिंजराही सुरुवातीला नको, कारण घाबरलेला पक्षी तारांवर पंख आपटून उरलीसुरली पिसे मोडून घेतो. पारव्याच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या आसपास उतरते. धडधाकट पक्षी पिसे फुलवून हा गारठा सोसतो, रक्त गेलेल्या पक्ष्याला ते जमत नाही. शेकायच्या रबरी पिशवीत किंवा साध्या बाटलीत गरम पाणी भरा, ती टॉवेलमध्ये गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडले तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. हाताला सुखद लागेल एवढीच ऊब हवी. खोका स्वयंपाकघरात ठेवू नका, कारण रिकामे तापलेले नॉनस्टिक भांडे, फोडणीचा ठसका आणि मच्छर अगरबत्तीचा धूर यांतले काहीही पक्ष्याच्या फुप्फुसांना सोसत नाही; नॉनस्टिकचा धूर तर काही मिनिटांत जीव घेतो. टीव्ही, कुत्रा, मांजर आणि पक्षी पाहायला येणारी शेजारची मुले, या सर्वांपासून तो दूर असावा. दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरा.

पक्ष्याला उचलायचे असेल तेव्हा आधी त्याच्यावर हलका रुमाल टाका आणि दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील अशा बेताने दोन्ही हातांनी धरा. छाती मात्र दाबू नका. आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वास ओढणारा स्नायूचा पडदा, पक्ष्यांना नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. प्रेमाने घट्ट धरून ठेवलेला पक्षी हातातच गुदमरू शकतो. धरलेला असतानाच बोटाच्या टोकाने छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून हात फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले तर तो कालपर्यंत चांगला खाता-पिता पक्षी होता. हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले लागले तर तो कित्येक दिवस उपाशी आहे आणि मांज्याच्या आधीही त्याला काही आजार असावा. मोठ्या पारव्याचे वजन साधारण ३०० ते ३५० ग्रॅम असते. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा असेल तर रोज सकाळी खाण्यापूर्वी त्याचे वजन करून वहीत लिहा. सुधारणा होते आहे की नाही, हे डोळ्यांपेक्षा तो आकडा लवकर सांगतो.

मांज्याबद्दल सविस्तर लिहितो. तुम्ही दिसला तेवढा ओढून काढलात. बहुतेक सगळेच तसे करतात, पण नायलॉनचा धागा ओढला की तो मांसात आणखी खोल कापत जातो आणि उरलेला भाग दिसेनासा होतो. पंख चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंग घेऊन पाहा. खांदा आणि पंखाचे मनगट यांच्यामध्ये, पंखाच्या पुढच्या कडेला, त्वचेचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. पिसांवर हलकी फुंकर मारली की ती बाजूला होतात आणि हा पडदा दिसतो. धागा बहुधा याच पडद्यात, खांद्याच्या बगलेत किंवा बोटांच्या मुळाशी रुतलेला असतो. त्याच्याभोवती त्वचा सुजून धागा आत गेलेला असतो आणि वरून फक्त एक काळपट रेघ दिसते. असा धागा सापडला तर तो ओढायचा नाही. बोथट टोकाच्या छोट्या कात्रीने प्रत्येक फेरा वेगळा कापायचा आणि एकेक आखूड तुकडा चिमट्याने, तो ज्या दिशेने आत गेला असेल त्याच दिशेने हळूच बाहेर घ्यायचा. रक्त पुन्हा वाहू लागले तर स्वच्छ गॉज ठेवून दोन-तीन मिनिटे न उचलता बोटाने दाबून धरा. धागा खोल असेल, हाताला कंप सुटत असेल किंवा पक्षी धडपडत असेल, तर हात लावू नका आणि तसाच घेऊन जा.

हा पडदा एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, पारवा पुन्हा उडणार की नाही हे बहुतेक वेळा त्याच्यावर ठरते. त्याच्या पुढच्या कडेतून एक स्नायुबंध जातो आणि पंख पूर्ण उघडताना तोच पंखाची धार ताणून धरतो. मांज्याने तो अर्धवट कापला असेल आणि लवकर टाके पडले तर पक्षी बरा होऊन उडतो; पण उशीर झाला की जखमेच्या कडा वाळून आक्रसतात, टाके धरत नाहीत आणि हाड शाबूत असूनही पंख कायमचा अर्धाच उघडतो. म्हणूनच मी ‘आज’ हा शब्द वापरला. उद्या रविवार आहे किंवा परवा सवड होईल, हे येथे चालत नाही.

नागपुरात यासाठी सोय आहे. सेमिनरी हिल्स येथील वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये जखमी पक्षी घेतात. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच भागात आहे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. जाण्यापूर्वी फोन करा, कारण संक्रांतीच्या आठवड्यात अशा पक्ष्यांची रीघ लागलेली असते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत हीच जखम पुन्हा पुन्हा समोर येते आणि पक्ष्यांप्रमाणे दुचाकीवरून जाणाऱ्या माणसांचे गळेही कापले जातात. नेताना खोका मांडीवर किंवा पायाशी स्थिर ठेवा आणि झाकण उघडू नका.

नेण्यापूर्वी नीट पाहा की तो पारवाच आहे. करडा रंग, पंखांवर दोन काळे पट्टे आणि मानेवर हिरवी-जांभळी चमक ही त्याची खूण. तो लहानसर, तपकिरी होला असेल किंवा पिवळ्या पायांचा हिरवा हरियाल असेल तर घरी ठेवण्याचा विचारच करू नका. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि तो दाण्यांवर नव्हे, तर वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगतो. ज्वारी खाऊ घातली तर तो ताटासमोर उपाशी मरेल.

जखमेवरची तेल-हळद घासून काढू नका. कोरड्या टिश्यूने टिपून घ्या आणि बाकीचे पशुवैद्यांवर सोडा. हळदीला माझा विरोध नाही, तेलाला आहे, कारण तेल लागलेली पिसे एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातील हवा निघून जाते आणि पक्षी भर दुपारीही गारठतो. मलम आणि पेट्रोलियम जेली याच कारणाने टाळावी. जखम धुवायची असेल तर मेडिकल दुकानातील नॉर्मल सलाईन कोमट करून वापरा, किंवा पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतके पातळ करा की रंग फिक्या चहासारखा दिसेल. हायड्रोजन पेरॉक्साईड आणि डेटॉलसारखी जंतुनाशके ताज्या पेशी जाळतात. खांद्याजवळचे हाड मोडून उघडे पडले असेल तर तिथे पाण्याची धार मुळीच सोडू नका. ते हाड पोकळ असून हवेच्या पिशव्यांना जोडलेले असते आणि पाणी थेट श्वसनमार्गात पोहोचते. घरातील ताप-अंगदुखीच्या गोळ्या ठेचून देणे तर सर्वांत घातक. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडे मेली आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय उपचारातील त्याच्या वापरावर बंदी आणावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वेदनाशामक आणि प्रतिजैविक दोन्ही लागतात, पण ती पशुवैद्यांनी वजन पाहून ठरवलेल्या मात्रेतच.

उपचार करून पक्षी पुन्हा तुमच्या हाती दिला गेला, तर पुढचे काम शुश्रूषेचे आहे. पक्ष्यांची हाडे माणसांपेक्षा लवकर, साधारण दोन ते तीन आठवड्यांत जुळतात. पण तेवढाच काळ पंख बांधलेला राहिला तर सांधा आखडतो आणि तो पुढचा पडदा आकसतो. म्हणून पट्टी किती दिवस ठेवायची आणि मध्ये केव्हा सोडून पंखाची हालचाल द्यायची, हे विचारून घ्या आणि काटेकोर पाळा. पट्टी छातीभोवती असेल तर तिच्याखालून एक बोट सहज सरकले पाहिजे. पट्टी ओली झाली, वास येऊ लागला, पंखाचे टोक गार लागले किंवा सुजले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पाणी आणि अन्नाकडे आता वळतो. पक्षी उबदार होऊन डोळे उघडे ठेवू लागला की कोमट पाण्यात ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मिसळा आणि दोन-तीन सेंटीमीटर खोल वाटीत भरा. पारवा चिमणीसारखा चोचीत थेंब घेऊन मान वर करत नाही. तो चोच बुडवून पाणी ओढून घेतो, म्हणून उथळ बशी त्याच्या उपयोगाची नाही. त्याच्या चोचीचे टोक हलकेच पाण्याला लावा, नाकपुड्या मात्र बाहेर राहू द्या. बहुतेक पक्षी क्षणभर थांबतात आणि मग सलग घोट घेऊ लागतात. गळा हलताना दिसतो आणि पाणीही उतरताना दिसते. एकदा तो स्वतः पिऊ लागला की निम्मी चिंता मिटली समजा. पहिल्या दिवसानंतर साधे पाणी द्या आणि दिवसातून दोनदा बदला.

दाण्यांमध्ये ज्वारी, बाजरी, गहू, मक्याची भरड, अख्खा मसूर, मूग आणि वाटाणा यांचे मिश्रण द्या. इतवारीतील कोणत्याही धान्याच्या दुकानात हे सगळे सुटे मिळते. दिवसाला मूठभर, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम पुरते. बाजूला अंड्याचे भाजून कुटलेले कवच आणि बारीक वाळूचे खडे ठेवा, कारण पारवा दाणे अख्खे गिळतो आणि ते पोटात दळायला त्याला खडे लागतात. पाव, पोळी, भात, फरसाण आणि बिस्किटे नकोत.

पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी दाण्यांना चोच लावली नाही तर हाताने भरवावे लागते. आपल्याकडे जानेवारीत ताजा मटार मिळतो, त्याहून सोयीचे काही नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा. पक्ष्याला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर, तुमच्या पोटाशी पाठ टेकवून बसवा. एका हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने चोचीचे दोन्ही कोपरे हलके धरा, दुसऱ्या हाताने खालची चोच उघडा आणि एक दाणा जिभेच्या मागे, गळ्याकडे सरकवून चोच मिटू द्या. तो गिळेल, मग दुसरा दाणा. पहिल्या वेळी दहा-बारा दाणे पुरेत, पुढे दर खेपेला पंचवीस-तीसपर्यंत जा आणि दिवसातून तीनदा द्या. गळ्याखालची पिशवी हाताला दाणेदार, मऊ लागते. पुढच्या खेपेपूर्वी ती बरीचशी रिकामी झालेली असली पाहिजे. सकाळी ती कालच्याएवढीच भरलेली आणि पिठासारखी लिबलिबीत लागली, किंवा चोचीला आंबूस वास आला, तर भरवणे थांबवा आणि लगेच दाखवा. चोच उघडल्यावर गळ्यात पिवळसर, चीजसारखे थर दिसले तर तो पारव्यांमध्ये नेहमी आढळणारा एक परजीवी आजार असतो. औषधाने तो बरा होतो, पण ते थर खरवडून काढू नका, रक्तस्राव होतो.

तुम्ही लिहिलेली हिरवी, पातळ विष्ठा ही बहुतांशी उपासाची खूण आहे. पोटात अन्न नसले की केवळ पित्त बाहेर पडते. खाणे सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ती तपकिरी-हिरव्या गोळीसारखी आणि वर पांढरी टोपी असलेली व्हायला हवी. दाणे पोटात जात असूनही ती गडद हिरवी आणि पाण्यासारखीच राहिली तर तपासणी करून घ्या.

सगळेच लोंबलेले पंख मांज्याचे नसतात, हेही सांगून ठेवतो. मान पिळवटून डोके उलटे करणारा, दाणा दिसूनही चोच बाजूला मारणारा, गोल फिरणारा पारवा विषाणूजन्य आजाराने ग्रासलेला असू शकतो. असे पक्षी आठवडेच्या आठवडे भरवत राहिल्यास पुष्कळदा सावरतात, पण घरात इतर पक्षी किंवा कोंबड्या असतील तर त्यांच्यापासून ते पूर्ण वेगळे ठेवावे लागतात. मांजराने धरलेल्या पक्ष्याला जखम दिसत नसली तरी काही तासांत प्रतिजैविक मिळाले पाहिजे. मांजराच्या लाळेतील जिवाणू रक्तात पसरून त्याला एक-दोन दिवसांत मारतात. आणि एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले आढळले तर कशालाही हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. २०२४ च्या अखेरीस गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, त्यामुळे आपल्या शहराला हा विषय नवा नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न, आणि येथे माझे मत ठाम आहे. पारव्याची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची पांढरी भुकटी श्वासावाटे जाऊन दमा बळावतो, आणि दीर्घकाळ संपर्क राहिल्यास फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर सेंटरने ठेवून घेतल्यास पक्षी तेथेच द्या. त्यात काळजी कमी पडली असे मुळीच होत नाही. घरी आणावाच लागला तर तो छतावरच्या बंद, हवेशीर खोलीत ठेवा, सासूबाई वापरतात त्या मजल्यावर नको. खोका साफ करताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून ती ओली करा आणि कागदात गुंडाळून टाका. नंतर साबणाने हात धुवा आणि ते कपडे वेगळे काढा. पिसांमधून चपट्या, तपकिरी माश्या सरपटताना दिसल्या तर घाबरू नका, त्या पारव्यांवर जगतात. पशुवैद्य योग्य औषध देतील.

टाके निघाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, पंखाची चाचणी घ्या. पक्ष्याला दोन्ही हातांत सैल धरून हात किंचित खाली न्या. तोल सावरण्यासाठी तो दोन्ही पंख उघडतो. दोन्ही सारखे आणि पूर्ण उघडले तर एका रिकाम्या खोलीत त्याला मोकळा सोडा. त्याआधी छताचा पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावा, खिडक्यांवर पडदे ओढा आणि आरसा झाका. पहिले काही दिवस तो जमिनीवरून खुर्चीवर, मग कपाटावर जाईल. खोलीभर दोन-तीन फेऱ्या मारून धाप न लागता उंचावर बसू लागला, वजन वाढते किंवा स्थिर राहिले आणि तो तुमच्या हातापासून दूर पळू लागला, म्हणजे तो तयार झाला. उड्डाणपिसे कापली गेली असतील तर ती पुढच्या वार्षिक पीसझडीतच नव्याने येतात, त्यामुळे तेवढे महिने थांबावे लागेल. मुळासकट उपटली गेली असतील तर पाच-सहा आठवड्यांत येतात. सांध्यातूनच हाड चुरले असेल तर पशुवैद्य वेदनारहित मृत्यूचा पर्याय सांगतील. तो सल्ला क्रूर मानू नका, कारण तशा हाडाने पक्षी आयुष्यभर दुखणे काढतो.

सोडताना तुमचेच छत निवडा. पारव्याला आपली जागा, थवा आणि जोडीदार ओळखीचे असतात आणि जोडीदार बहुधा त्याच परिसरात असतो. पतंगांचा हंगाम ओसरू द्या, आभाळ मोकळे असलेल्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, पोटभर दाणे खाऊन झाल्यावर खोका कठड्यापासून आत ठेवून झाकण उघडा आणि मागे सरका. हवेत फेकू नका. त्याआधी छतावर, टाकीच्या पाइपांवर आणि जवळच्या तारांखाली अडकलेला मांजा गोळा करून बारीक तुकडे करा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या पायात गुंतणार नाही. पुढचे दोन-चार दिवस ज्वारी आणि पाणी तिथेच ठेवून सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा. उजवा पंख पुन्हा खाली आलेला दिसला किंवा अंधार पडताना तो जमिनीवरच बसलेला राहिला, तर मांजरांच्या आधी त्याला रुमालाने उचलून आत घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पशुवैद्यांना दाखवा.